कुत्र्याशी रोखीचा व्यवहार

लकडगंजच्या नावातच लाकूड आहे. येथील टाल, आरामशिनी आणि गोदामे यांच्या फाटकाशी साखळीला बांधलेला कुत्रा हे पिढ्यान्‌पिढ्यांचे परिचित दृश्य होय. त्याचे काम राखणीचे आणि त्याच्याशी माणसांचा संबंध दोन वेळच्या पोळीपुरता. गेल्या काही वर्षांत व्यापारी घरांतील कुत्र्याचा मुक्काम मात्र बदलला. जुन्या घरांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, मुलांनी हट्ट धरला आणि एखादा लॅब्रॅडॉर, बीगल किंवा रस्त्यावरून उचलून आणलेले गावठी पिल्लू थेट दिवाणखान्यात येऊन बसले. मुक्काम बदलला, तरी त्याला वागवण्याची रीत बहुतेक घरांत फाटकावरचीच राहिली.

त्याचा परिणाम ठरलेला असतो. तीन महिन्यांचे पिल्लू सर्वांचे लाडके असते. आठ-दहा महिन्यांचे झाले की तेच नकोसे होऊ लागते. हाक मारली तर वळून पाहत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते, चपला पळवते, लिफ्टमधून बाहेर पडताच दोरी ओढून धरणाऱ्याचा खांदा दुखवते. वृद्ध आजींना ते पाडील की काय, अशी धास्ती घरात शिरते. मग जेवणानंतर हलक्या आवाजात बोलणी सुरू होतात. याला गोदामावर बांधावे, कोणाला तरी देऊन टाकावे किंवा, उघड कोणी बोलत नसले तरी, शहराबाहेर नेऊन सोडून द्यावे. ज्या जिवाला घर म्हणजे काय हे नुकतेच कळले आहे, त्याच्या आयुष्याचा निर्णय अशा रीतीने होतो.

वास्तविक आठ-दहा महिने हा कुत्र्याचा वयात येण्याचा काळ. बाहेरचे वास, आवाज आणि इतर कुत्रे यांची ओढ या वयात प्रबळ असते आणि घरातील माणसांकडे लक्ष देण्याचे सबळ कारण बहुधा कोणी दिलेले नसते. ते कारण देता येते. त्यासाठी महागडा प्रशिक्षक लागतोच असे नाही. रोजची दहा-पंधरा मिनिटे, मूठभर खाऊ आणि घरातील सर्वांची एकवाक्यता एवढे भांडवल बव्हंशी पुरते.

धाकाचा मार्ग आणि त्याची किंमत

कुत्र्याला शिकवणे म्हणजे दरडावणे, ही समजूत जुनी आहे. जर्मनीतील कोनराड मोस्ट यांनी १९१० साली पोलिसी कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिले, त्यात सक्ती आणि शिक्षा यांना मोठे स्थान होते. ती पद्धत सैन्यांतून घराघरांत उतरली. परंतु त्याआधीच, १८९८ साली, एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पेटीत ठेवलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून एक साधी गोष्ट दाखवली होती. ज्या कृतीनंतर समाधान लाभते, ती कृती प्राणी पुन्हा करतो. पुढे बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली एका लेखात सामान्य माणसाला घरच्या घरी कुत्रा कसा शिकवता येईल ते सांगितले. टक् असा आवाज करणारे लहान खेळणे आणि खाऊचे तुकडे एवढीच त्यांची सामग्री होती. कॅरन प्रायर या प्रशिक्षिकेने हवाई बेटांवर डॉल्फिनांना शिकवले. डॉल्फिनाला साखळी घालता येत नाही आणि रागावले तर तो पोहून दूर जातो. त्यामुळे शिट्टी आणि खाऊ यांवाचून दुसरा उपायच नव्हता. १९८४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे हीच रीत कुत्रा पाळणाऱ्या असंख्य घरांत पोहोचली.

धाकाने काम होत नाही असे नाही. प्रश्न त्याच्या किमतीचा आहे. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धाक व ओढाताण वापरणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत शिकताना ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे लाळेतील प्रमाणही अधिक वाढलेले आढळले. पशुवर्तनाच्या क्षेत्रातील अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ साली सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसाधारित पद्धतीचीच शिफारस केली. घरच्यांच्या दृष्टीने याहून व्यावहारिक धोका निराळाच आहे. गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना असते. गुरगुरला म्हणून मार खाणारा कुत्रा गुरगुरणे सोडतो, भीती सोडत नाही. आणि पुढे एखाद्या दिवशी सूचना न देताच चावतो.

कायद्यानेही या बाबीची दखल घेतली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या ११ व्या कलमात मारहाण तर येतेच. शिवाय आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हेही अपराध ठरवले आहेत. पहिल्या अपराधाला १० ते ५० रुपये दंड आहे. रक्कम आज क्षुल्लक वाटते, पण तरतुदीमागची जाण क्षुल्लक नाही. बांधलेल्या जिवाचे हिंडणे-फिरणे ही मालकाची मेहेरबानी नसून त्याच्यावरील देणे आहे, असे ती सांगते.

उधारी चालत नाही

बक्षिसाने शिकवण्याचा मुख्य नियम व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावा लागू नये. कुत्र्याशी व्यवहार रोखीचा असतो. त्याने योग्य वर्तन केले की एक-दोन सेकंदांच्या आत मोबदला मिळाला पाहिजे. डबा शोधून, झाकण उघडून अर्ध्या मिनिटाने दिलेला खाऊ त्याच्या हिशेबी भलत्याच नोंदीखाली जमा होतो. बसल्याबद्दल म्हणून दिलेला तुकडा तोवर उठून उडी मारल्याबद्दलचा ठरतो.

प्रत्येक वेळी इतकी त्वरा साधत नाही, म्हणून एक खुणेचा शब्द ठरवावा. ‘शाब्बास’ चालेल; मात्र तो एकाच सुरात, आखूड उच्चारावा. पहिले दोन दिवस कुत्र्याकडून काहीही न मागता शब्द उच्चारायचा आणि लगेच तुकडा द्यायचा, असे एका बैठकीत दहा-पंधरा वेळा करावे. शब्द ऐकताच तो मान वर करू लागला की त्या शब्दाला पत आली असे समजावे. त्यानंतर योग्य क्षणी ‘शाब्बास’ म्हटले की तो क्षण त्याच्या लक्षात राहतो आणि तुकडा दोन सेकंद उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही. ‘शाब्बास’ म्हणून तुकडा न देण्याची चलाखी मात्र कधी करू नये.

शब्दांच्या बाबतीत लकडगंजातील घरांची एक खास अडचण आहे. आजी गुजरातीत ‘बेसी जा’ म्हणतात, वडील ‘बैठ’ म्हणतात, घरकामाच्या बाई ‘बस’ म्हणतात आणि नातू ‘सिट’. चार भाषा बोलणाऱ्या घराचा माणसांना अभिमान वाटावा, पण कुत्र्याला ते चार वेगळे हुकूम असतात. कोणतीही भाषा निवडावी. शब्द एकच असावा आणि ठरलेल्या शब्दांची चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवावी.

स्वयंपाकघरातील खाऊ

शाकाहारी घरात बक्षिसाला काय द्यावे, ही शंका नेहमी विचारली जाते. उत्तर सोपे आहे. बिनमिठाच्या पनीरचे बारीक तुकडे बहुतेक कुत्र्यांना अतिशय प्रिय असतात. उकडलेले हरभरे, काकडी, उकडलेला दुधी, बिया काढलेल्या सफरचंदाच्या फोडी, कडक पोळीचे चुरे, उन्हाळ्यात बिया काढलेले कलिंगड हे सर्व चालते. कंदमूळ वर्ज्य नसलेल्या घरी गाजर उत्तम. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढाच असावा. दिवसभरातील सर्व खाऊ मिळून एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक होऊ नये आणि तेवढे अन्न जेवणातून वजा करावे.

काही पदार्थ मात्र कटाक्षाने दूर ठेवावेत. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. सणासुदीला सुक्या मेव्याची ताटे उघडी राहणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे. चॉकलेट, कांदा, लसूण आणि साखरविरहित गोळ्यांत आढळणारे झायलिटॉल हीही विषासमान आहेत. पेढे, बर्फी, शेव-चिवडा हा प्रेमाने दिला तरी अपायच. कुत्र्याचा मुख्य आहारही शाकाहारी ठेवावयाचा असेल तर तो अंदाजाने न ठरवता पशुवैद्यकांकडून समतोल ठरवून घ्यावा. सेमिनरी हिल्स येथे १९५८ पासून नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. असा सल्ला घेण्यास शहराबाहेर जाण्याचे कारण नाही.

खाऊ हेच एक बक्षीस नव्हे. दार उघडणे, चेंडू फेकणे, फिरायला निघणे, पोट खाजवणे ही सर्व नाणी चलनात आहेत. सूर्यास्तापूर्वी चौविहार करणाऱ्या घरांत संध्याकाळनंतर स्वयंपाकघर बंद असते. तेथे खाऊचे खेळ सकाळी घ्यावेत आणि रात्रीच्या खेळाचे बक्षीस चेंडू किंवा दोरी असावी.

घरातील सहा खेळ

पहिला खेळ नावाचा. कुत्र्याचे नाव एकदाच उच्चारावे. त्याने पाहिले की ‘शाब्बास’ आणि तुकडा. दहा वेळा झाले की खेळ संपला. नाव म्हणजे दर्शनी हुंडी होय. ती दाखवली की तिथल्या तिथे सिकारली गेली पाहिजे. नाव घेऊन रागावणे, नाव घेऊन औषध पाजणे, नाव दहादा पुकारून काहीच न देणे यांनी त्या हुंडीची पत जाते आणि मग ऐन रस्त्यावर, समोरून ट्रक येत असताना, ती कामाला येत नाही.

दुसरा खेळ मुठीचा. मुठीत तुकडा धरून मूठ कुत्र्यासमोर धरावी. तो चाटील, हुंगील, पंजा मारील. काही बोलू नये, मूठ उघडू नये. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून दुसऱ्या हाताने तुकडा द्यावा. हिसकावल्याने मिळत नाही, थांबल्याने मिळते, हा धडा तो काही मिनिटांत घेतो. पाहुण्यांवर उडी मारण्याची सवय मोडण्याची सुरुवात येथूनच होते.

तिसरा खेळ नजरेचा. तुकडा धरलेला हात बाजूला लांब करावा. कुत्रा आधी हाताकडे टक लावतो, मग गोंधळतो आणि शेवटी माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतो. तो कटाक्ष अर्ध्या सेकंदाचा असला तरी त्याचा मोबदला चुकता करावा. पुढे तो दोन, पाच, दहा सेकंदांपर्यंत वाढतो. काय करावे ते सुचत नसेल तेव्हा माणसाकडे पाहावे, ही सवय कुत्र्याला लागणे हे या सर्व खेळांचे फलित आहे.

चौथा खेळ हाकेचा. त्यात संयुक्त कुटुंबाचा लाभ होतो. दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या खोल्यांत उभे राहावे आणि आळीपाळीने बोलवावे. जो बोलावील त्याच्याकडे बक्षीस. वृद्धांना खुर्चीत बसून आणि मुलांना पडद्यामागे लपून हा खेळ खेळता येतो. आठ वर्षांखालील मुलांजवळ मात्र मोठे माणूस हवेच.

पाचवा खेळ अदलाबदलीचा. चप्पल पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावणे हा त्याला मिळालेला सर्वांत मोठा आनंद असतो. धावू नये. आधी त्याच्या एखाद्या साध्या खेळण्याच्या बदल्यात पनीर द्यावे, त्याने खेळणे सोडले की ‘शाब्बास’ म्हणावे आणि खेळणेही परत करावे. सोडून दिल्याने तोटा होत नाही अशी खात्री पटली की चप्पल, रुमाल आणि एखादे दिवस रस्त्यावरील विषारी वस्तूसुद्धा तो तोंडातून सोडतो. अन्न किंवा वस्तू राखताना गुरगुरणाऱ्या, चावू पाहणाऱ्या कुत्र्यावर मात्र हा प्रयोग घरी करू नये. आधी पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

सहावा खेळ वासाचा. जुन्या पंचात तुकडे गुंडाळावेत, उलट्या वाट्यांखाली लपवावेत, कागदाच्या चुरगळ्यांनी भरलेल्या खोक्यात टाकावेत आणि कुत्र्याला शोधू द्यावे. वास ओळखण्याची कुत्र्याची शक्ती माणसाच्या कितीतरी पट आहे. ती वापरायला न मिळणे ही त्याची उपासमारच असते. मुंबईत १९९३ साली जे बॉम्बस्फोट झाले, त्या काळात ‘जंजीर’ नावाच्या लॅब्रॅडॉरने ३,००० किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देण्यास मदत केली. पुण्यात शिवाजीनगर येथे गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे तो तयार झाला होता. १६ नोव्हेंबर २००० रोजी त्याचे निधन झाले आणि पोलीस दलाने त्याला सन्मानाने निरोप दिला. नाव जंजीर असले तरी त्याचे मोल त्याच्या नाकात होते. गंधशोधक कुत्र्यांचे शिक्षणही मुळात असाच खेळ असतो. ठरावीक वास सापडला की आवडते खेळणे मिळते आणि कुत्रा पुन्हा शोधायला उत्सुक होतो.

प्रत्येक बैठक तीन ते पाच मिनिटांची असावी आणि कुत्र्याला आणखी खेळावेसे वाटत असतानाच थांबावे. खेळ प्रथम शांत खोलीत, मग दिवाणखान्यात, मग जिन्यात आणि शेवटी रस्त्यावर न्यावेत. जागा बदलली की भाव वाढवावा. घरात पोळीच्या चुऱ्यावर होणाऱ्या कामाला आरामशिनीच्या आवाजात पनीर मोजावे लागते.

नागपूरचा उन्हाळा आणि घरचा खेळ

घरातील खेळांची आवश्यकता नागपूरकरांना इतरांहून अधिक आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा दिवसांत कुत्र्याला पहाटे आणि रात्री उशिरा सोडून बाहेर नेणे धोक्याचे. माणसासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. डांबरावर पालथा हात पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्या रस्त्यावर त्याचे तळवे भाजतील. मग दिवसभर कूलरसमोर पडून राहिलेला कुत्रा संध्याकाळी घर डोक्यावर घेतो, यात नवल नाही. दहा मिनिटांच्या वासाच्या खेळाने त्याचे डोके थकते आणि तो निवांत झोपतो. फिरणे मात्र त्यामुळे रद्द होत नाही. ते फक्त पहाटेवर ढकलावे.

शांत बसण्याची सवयही अशीच लावता येते. एक चटई ठरवावी. कुत्रा तिच्यावर गेला की तुकडा, आडवा झाला की आणखी तुकडा. महिनाभरात ती त्याची विसाव्याची जागा होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व नागपुरातून निघणारी मारबतीची मिरवणूक, दिवाळीचे फटाके किंवा दारावर आलेली पाहुण्यांची रांग, अशा वेळी आतल्या खोलीत अंथरलेली ती ओळखीची चटई त्याला आधार देते. घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला की भीती वाढते, हा समज निराधार आहे.

लाच की पगार

घरातील वडीलधारी मंडळी एक आक्षेप हमखास घेतात. खाऊ देऊन काम करून घेणे ही लाच झाली. आज पनीर दाखवले तर उद्या पनीराशिवाय हलणार नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण ते निराळ्या ठिकाणी. खाऊ आधी दाखवून काम मागितले तर ती लाच होते आणि भाव नक्की वाढत जातो. काम आधी आणि मोबदला नंतर, ही रीत पगाराची. म्हणून तुकडा हातात मिरवू नये. तो डब्यात किंवा खिशात असावा. काम पक्के झाले की प्रत्येक वेळी न देता कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, कधी एकदम तीन तुकडे असे द्यावे. मोबदला केव्हा येईल याचा नेम नसला तरी येणार याची खात्री असली की उमेद टिकते. तो पूर्ण बंद मात्र करू नये. विश्वासू नोकराचा पगार तो चांगले काम करतो म्हणून कोणी थांबवत नाही.

दुसरी सबब वेळेची. दुकान नऊला उघडते, रात्री हिशेब मिळवून घरी यायला दहा वाजतात. परंतु चहा उकळेपर्यंत नावाचा खेळ होतो, जेवणाची ताटे मांडली जाईपर्यंत नजरेचा होतो आणि कुत्र्याचे अर्धे जेवण वाडग्यात न घालता पंचात गुंडाळून दिले की वासाचा खेळ वेगळा वेळ न घेता पार पडतो.

शेवटी प्रश्न उरतो तो फाटकावरच्या कुत्र्याचा. त्यालाही हे खेळ येतात. गावठी कुत्रा शिकण्यात कोणत्याही जातिवंत कुत्र्याहून कमी नसतो. गोदामाचे फाटक बंद झाल्यावर आवारातच साखळी सोडावी, रखवालदाराच्या खिशात उकडलेल्या हरभऱ्यांची पुडी असावी आणि नाव व हाक हे दोनच खेळ दहा मिनिटे व्हावेत. रखवालदाराच्या हाकेला येणारा कुत्रा राखणीला अधिक उपयोगी असतो. भुंकायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा हे त्याला सांगता येते, आणि मजुराच्या किंवा खेळता खेळता आत आलेल्या मुलाच्या अंगावर जाण्याआधी त्याला परत बोलावता येते.

प्रगती मोजायची असेल तर भिंतीवरील दिनदर्शिका पुरेशी आहे. कोणी हाक न मारता, हाती खाऊ नसताना कुत्र्याने आपण होऊन माणसाकडे किती वेळा पाहिले, तेवढा आकडा रोजच्या चौकोनात लिहावा. पहिल्या आठवड्यात तो दोन-तीनच्या पुढे गेला नाही तरी खंत करू नये. महिनाअखेर तो वाढलेला दिसेल. आणि कुत्र्याला गोदामावर पाठवण्याची बोलणी पुन्हा निघाली, तर ते पान सर्वांपुढे ठेवावे.